गुडघेरोपणानंतरचा व्यायाम आणि आभासी वास्तव

गुडघ्याच्या संपूर्ण सांधेरोपणात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा यांवरची झिजलेली कूर्चा तिच्याखालच्या हाडाच्या पातळ थरासह कापून काढली जाते, मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे आवरण चढवले जाते, नडगीवर बहुधा टायटॅनियमची बैठक बसवली जाते आणि या दोहोंच्या मध्ये टणक पॉलिएथिलीनची चकती सरकवली जाते. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ च्या सुमारास वापरात आणलेला ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा हा आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज मानला जातो, आणि तेव्हापासून धातू, प्लास्टिक व बसवण्याची तंत्रे यांत इतकी सुधारणा झाली आहे की नीट बसलेला सांधा पंधरा-वीस वर्षे टिकणे ही आता सामान्य बाब झाली आहे. हाडाचे हे काम शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक-दोन तासांत पुरे होते. स्नायूंचे काम त्यानंतर सुरू होते, ते कित्येक आठवडे चालते आणि रुग्णाखेरीज दुसरे कोणीही ते करू शकत नाही.

हे काम किती मोठे असते, याचा अंदाज अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून येतो. मांडीच्या पुढच्या बाजूचा चार भागांचा जो मोठा स्नायू गुडघा सरळ करतो आणि ज्याला फिजिओथेरपिस्ट ‘क्वाड्स’ म्हणतात, त्याची ताकद शस्त्रक्रियेनंतर सुमारे महिनाभराने मोजली असता ती शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत सरासरी ६२ टक्क्यांनी घटलेली आढळली. स्नायूचा आकार मात्र सुमारे १० टक्क्यांनीच कमी झाला होता. स्नायू फारसा वाळलेला नसताना ताकद इतकी का जावी, याचे उत्तर बऱ्याच अंशी मज्जासंस्थेत सापडते. सुजलेल्या आणि दुखावलेल्या सांध्यातून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, त्यांमुळे त्या सांध्याभोवतीच्या स्नायूंना मिळणारी चेतना दबली जाते, म्हणजे स्नायू जाग्यावर असतो पण मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत पुरता पोहोचत नाही. या स्थितीला सांधेजन्य स्नायुरोध म्हणता येईल. अशा रुग्णाला ‘पाय ताठ करा’ असे सांगितले की तो मनापासून जोर लावतो, चेहरा लाल होतो, आणि तरीही गुडघ्याची वाटी जागची हलत नाही. यात त्याच्या आळशीपणाचा किंवा भित्रेपणाचा भाग नसतो, हे घरच्यांनी समजून घेणे फार आवश्यक आहे.

ताकदीइतकाच महत्त्वाचा असतो तो सांध्याचा वाक. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० ते ७० अंशांत वाकतो, जिना चढायला सुमारे ८३ अंश लागतात आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीत बसून उठायला ९० च्या थोडे पुढे जावे लागते. दुसऱ्या टोकाला, गुडघा पूर्ण सरळ होण्यात पाच-दहा अंशांची कसर राहिली तरी चाल लंगडी पडते आणि मांडीचा स्नायू लवकर थकतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने या दोन्ही बाबतींत निर्णायक असतात, कारण याच काळात सांध्याभोवती व्रणऊतक तयार होऊन घट्ट होत जाते. हालचाल अपुरी राहिली तर काही रुग्णांना पुन्हा भूल देऊन गुडघा हाताने वाकवावा लागतो. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: पाऊल वर-खाली करणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे, गुडघ्याखाली ठेवलेल्या टॉवेलच्या गुंडाळीवर दाब देणे, पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीतून उठणे-बसणे, आणि हे सारे दिवसातून अनेकदा करणे. अडचण इतकीच की हे व्यायाम दुखतात, कंटाळवाणे असतात, आणि घरी ते बरोबर होत आहेत की नाही हे सांगायला कोणी नसते.

आभासी वास्तवाचे तंत्र या अडचणीवर तोडगा म्हणून पुढे आले आहे. पण त्याची पारख करण्यापूर्वी त्याच गुडघ्यासाठी आलेल्या एका जुन्या यंत्राची हकीकत पाहणे उपयोगाचे ठरेल. टोरांटोचे बाल-अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात असे मांडले की इजा झालेल्या सांध्याला स्थिर ठेवण्याऐवजी सतत हळूहळू हलवत ठेवले तर कूर्चा चांगली भरून येते. त्यातून ‘सीपीएम’ हे यंत्र निघाले, ज्यात पाय पाळण्यासारख्या चौकटीत बांधला जातो आणि विद्युत मोटर तो तासन्‌तास वाकवते व सरळ करते. ऐंशीच्या दशकानंतर गुडघेरोपणाच्या वॉर्डांत हे यंत्र जगभर पसरले आणि महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णालयांतही ते दिसू लागले. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी २४ चाचण्यांचा एकत्र विचार केला, तेव्हा या यंत्रामुळे रुग्णाच्या स्वतःच्या वाकात पडणारी भर सरासरी अवघी दोन अंश भरली, आणि रोजच्या जगण्यात दोन अंशांनी काहीच बदलत नाही. मोटरने हलवलेल्या पायात स्नायू काम करत नाही, ज्या हुकमाची वाट अडलेली असते तो हुकूम दिलाच जात नाही, त्यामुळे सांधा हलतो पण रुग्ण काही शिकत नाही. नव्या तंत्राला विचारायचा पहिला प्रश्न यातूनच मिळतो: हालचाल कोण करते आहे?

आभासी वास्तव म्हणजे संगणकाने निर्माण केलेले असे दृश्य की जे पाहणाऱ्याच्या हालचालीनुसार त्याच क्षणी बदलते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचा असा पहिला दृश्यपट करून दाखवला होता. तो इतका जड होता की छतापासून टांगावा लागत असे. पुनर्वसनाच्या क्षेत्रात मात्र हे तंत्र डोक्यावरच्या उपकरणाने आले नाही, ते दिवाणखान्यातल्या खेळांमधून आले. निन्टेंडो कंपनीचे ‘वी’ हे उपकरण २००६ साली बाजारात आले, पाठोपाठ पायांखालचा भार मोजणारी त्याची फळी आली, आणि २०१० साली मायक्रोसॉफ्टचा ‘कायनेक्ट’ कॅमेरा आला, जो अवरक्त किरणांच्या साहाय्याने समोरच्या माणसाच्या सांध्यांच्या जागा ओळखून पडद्यावर त्याची हालती आकृती उभी करत असे. शरीरावर काहीही न बांधता गुडघ्याचा कोन अंदाजे कळू लागला, आणि तोही एका खेळण्याच्या किमतीत, हे पाहून फिजिओथेरपीच्या प्रयोगशाळांनी ही उपकरणे उचलली. डोळे पूर्ण झाकणारे आणि मान वळवली की भोवतालचे दृश्यही वळवणारे हलके हेडसेट सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले ते त्यानंतरच्या दशकात. ‘व्हीआर’ या एकाच नावाखाली आज या दोन्ही गोष्टी विकल्या जातात: पडद्यासमोर बसून किंवा उभे राहून करायचा व्यायाम, आणि हेडसेट लावून एखाद्या आभासी जगात शिरणे. दोन्हींचे गुण वेगळे, धोके वेगळे आणि पुरावेही वेगळे आहेत.

वेदनेवर हेडसेटचा परिणाम होतो, याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा भाजलेल्या रुग्णांकडून आला. सिअॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात ‘स्नोवर्ल्ड’ नावाचे बर्फाळ दरीचे जग रचले, ज्यात रुग्ण दरीतून तरंगत जातो आणि पेंग्विनांवर व बर्फाच्या बाहुल्यांवर बर्फाचे गोळे फेकतो, आणि त्याच वेळी त्याच्या जखमांची मलमपट्टी चालू असते. मेंदूची लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असल्यामुळे तिचा मोठा हिस्सा त्या दृश्याने व्यापला की वेदनेच्या वाट्याला कमी लक्ष येते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि रुग्णांनी नोंदवलेली वेदना या खेळादरम्यान लक्षणीय घटल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. गुडघ्याच्या बाबतीत हा दाखला तसाच्या तसा लागू करणे मात्र घाईचे ठरेल. मलमपट्टीच्या वेळी रुग्णाने काही करायचे नसते, त्याने फक्त सहन करायचे असते, म्हणून त्याचे लक्ष दूर नेणे हितावह असते. गुडघ्याच्या रुग्णाला त्याच दुखऱ्या स्नायूला कामाला लावायचे असते, त्यामुळे त्याचे लक्ष पायापासून पार उडाले तर व्यायामच बिघडतो. बर्फाची दरी गुडघा वाकवून घेण्याच्या क्षणी, फिजिओथेरपिस्ट पाय धरून शेवटचे काही अंश मिळवत असताना, उपयोगी पडू शकते. उरलेल्या व्यायामासाठी असा खेळ हवा ज्यात पायाच्या हालचालीनेच डाव पुढे सरकतो.

डोळ्यांना काय दिसते यावर वेदना कोठे सुरू होते हे काही प्रमाणात अवलंबून असते, असे दाखवणारा एक लहानसा प्रयोग २०१५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. मान दुखणाऱ्या २४ जणांना हेडसेट लावून मान वळवायला सांगण्यात आले आणि दुखू लागताच थांबायला सांगण्यात आले. प्रत्यक्षापेक्षा कमी मान वळल्याचे दृश्य दाखवले तेव्हा त्यांना वेदनेशिवाय सुमारे ६ टक्के अधिक वळता आले, आणि जास्त वळल्याचे दाखवले तेव्हा सुमारे ७ टक्के कमी. म्हणजे मेंदू सांध्यातून येणारे संदेश मुकाट्याने मोजत बसत नाही, तो धोक्याचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजात डोळ्यांची साक्षही धरतो. हा प्रयोग मानेचा होता, गुडघ्याचा नव्हे, आणि त्यात भाग घेणारे मोजकेच होते. तरी ज्याच्या मनात ‘आता टाका उसवेल’ अशी धास्ती बसली आहे त्या रुग्णाच्या बाबतीत ही दिशा विचार करण्याजोगी आहे.

पण या तंत्राची खरी किंमत त्याहून साध्या जागी आहे, आणि ती पाहायला एकच व्यायाम जवळून पाहिला तरी पुरे. रुग्ण खुर्चीत बसला आहे, मांडीवर एक आणि नडगीवर एक असे काडेपेटीएवढे दोन संवेदक पट्ट्यांनी बांधले आहेत, आणि समोरच्या पडद्यावर त्याचाच पाय रेखाकृतीत दिसतो आहे. दोन संवेदकांच्या कलांमधील फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. पाय हळूहळू सरळ करताना पडद्यावरची पट्टी भरत जाते, ती ८० टक्के भरते आणि अडते, कारण शेवटचे दहा-पंधरा अंश मांडीचा स्नायू पुरेसा जागा झाल्याशिवाय मिळत नाहीत. येथे बहुतेक रुग्ण नकळत एक युक्ती करतात: पाठ मागे टेकवतात, कंबर उचलतात, सारा पायच मांडीपासून वर घेतात, आणि टाच उंच गेल्यामुळे पाय सरळ झाल्यासारखा त्यांना वाटतो. आरशात हे कळत नाही, शेजारी बसलेल्या मुलालाही कळत नाही. संवेदकाला कळते, कारण मांडीचा कल बदललेला असतो, आणि पट्टी भरत नाही. तीच गोष्ट खुर्चीतून उठण्याची. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शरीराचा भार चांगल्या पायावर टाकून उठतात, ही सवय पाय बरा झाल्यावरही टिकते आणि शस्त्रक्रिया झालेला पाय अशक्तच राहतो. पायांखाली भार मोजणारी फळी असेल तर पडद्यावरचा ठिपका एका बाजूला गेलेला त्याच क्षणी दिसतो आणि पुढच्या खेपेस तो मध्ये आणणे हे एक स्पष्ट, गाठण्याजोगे लक्ष्य बनते. ‘गुडघ्यावर लक्ष द्या’ या सूचनेपेक्षा ‘ठिपका मध्ये आणा’ अशा, शरीराबाहेरच्या परिणामाकडे लक्ष वेधणाऱ्या सूचनेने हालचाल अधिक सहज शिकली जाते, असे हालचालींच्या शिक्षणावरील गेल्या काही दशकांच्या संशोधनातून वारंवार दिसले आहे.

चाचण्यांचे निष्कर्ष मात्र उत्साहाला आवर घालणारे आहेत. कॅनडात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चाचणीत गुडघेरोपण झालेल्या ५० बाह्यरुग्णांपैकी निम्म्यांनी नेहमीच्या फिजिओथेरपीला जोडून ‘वी फिट’चे खेळ खेळले आणि निम्म्यांनी साधे व्यायाम केले, तेव्हा दोन गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. बार्सिलोनात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, १४२ रुग्णांच्या चाचणीत संवेदकांवर चालणारी घरगुती आभासी पद्धत पारंपरिक उपचाराइतकीच उपयोगी ठरली. मिलानमध्ये ८५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णालयातील पहिल्या दिवसांत आभासी पद्धतीने व्यायाम घेतलेल्यांना वेदना किंवा अक्षमता यांबाबत वेगळा लाभ झाला नाही. डोळे न वापरता सांध्याची स्थिती ओळखण्याची जी जाणीव असते, तिच्यात मात्र सुधारणा दिसली. मोजमापे काळजीपूर्वक वाचली तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते, ती अशी की आभासी व्यायाम चांगल्या फिजिओथेरपीला मागे टाकत नाही, तिच्या बरोबरीने चालतो.

ही बरोबरी क्षुल्लक नाही, हे अमेरिकेतील ‘व्हेरिटास’ या चाचणीने दाखवले. ड्यूक विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील या चाचणीत ३०६ रुग्ण होते. एका गटाने नेहमीची फिजिओथेरपी घेतली आणि दुसऱ्या गटाने घरी कायनेक्ट कॅमेऱ्यासमोर, पडद्यावरच्या आभासी प्रशिक्षकाच्या सूचनांनुसार व्यायाम केला, ज्याच्या नोंदी फिजिओथेरपिस्ट दूरवरून पाहत होते आणि ठरावीक काळाने रुग्णाशी दृक्‌श्राव्य माध्यमातून बोलत होते. सहा आठवड्यांनी गुडघ्याचा वाक व चालण्याचा वेग आणि बारा आठवड्यांनी रुग्णांनी स्वतः नोंदवलेली कार्यक्षमता यांत घरचा गट मागे पडला नाही. तीन महिन्यांच्या आरोग्यखर्चाचा मध्यक मात्र २,८०५ डॉलरवरून १,०५० डॉलरवर आला. या चाचणीत कोणाच्याही डोक्यावर हेडसेट नव्हता, आणि पडद्यामागे जिवंत फिजिओथेरपिस्ट होता, या दोन गोष्टी जाहिरातींत सहसा सांगितल्या जात नाहीत. त्या सांगितल्या गेल्या पाहिजेत, कारण यश कोणत्या घटकाचे होते हे त्यांच्याशिवाय समजत नाही.

हेडसेटच्या मर्यादा तांत्रिकही आहेत. बाजारातील सामान्य हेडसेट डोके आणि हात यांचा माग घेतात, गुडघ्याचा घेत नाहीत. त्यासाठी नडगीला वेगळा संवेदक किंवा हातातला नियंत्रकच बांधावा लागतो. सुमारे अर्धा किलो वजन डोक्यावर असते. डोळ्यांना हालचाल दिसते पण अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, या विसंगतीतून मळमळ आणि चक्कर येते, आणि वेदनाशामक औषधांनी आधीच मळमळत असलेल्या रुग्णाला ती अधिक छळते. भोवतालची खोली दिसत नसताना, वॉकरच्या आधाराने चालणाऱ्या माणसाने उभे राहणे धोक्याचे आहे. म्हणून पहिल्या आठवड्यांत हेडसेटचा वापर बसून किंवा आडवे पडूनच आणि कोणीतरी जवळ असतानाच व्हावा. अपस्माराचा इतिहास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नये. शिवाय ही साधने ज्या वेगाने येतात त्याच वेगाने जातातही: कायनेक्टचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच थांबवले.

भारतात या विषयाला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या, सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत वस्तू व सेवा कर वगळून ५४,७२० रुपयांवर बांधली गेली, आणि शस्त्रक्रियेच्या खर्चातला एक मोठा भाग आवाक्यात आला. पुनर्वसनाच्या बाबतीत तसे काही घडले नाही. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या गावातून पुण्या-मुंबईला येऊन गुडघा बदलून घेणारा रुग्ण काही दिवसांत घरी परततो, तेव्हा त्याच्या हातात व्यायामांच्या चित्रांचा एक कागद असतो आणि जवळचा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी असतो. अशा घरासाठी महागड्या हेडसेटपेक्षा मोबाइलचा कॅमेरा किंवा दोन स्वस्त संवेदक, मराठीतल्या सूचना आणि आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टचा व्हिडिओ कॉल ही जुळणी कितीतरी अधिक मोलाची आहे, आणि वर सांगितलेला पुरावाही याच जुळणीच्या बाजूने उभा आहे. व्यायामाचे आभासी प्रसंगही येथल्या जगण्यातून घेतले जावेत. बर्फावरून घसरण्यापेक्षा एसटीची उंच पायरी चढणे, देवळाच्या पायऱ्या उतरणे, मोरीच्या उंबऱ्यावरून पाऊल टाकणे यांची तयारी येथल्या रुग्णाला हवी असते. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याचा प्रश्न तर पाश्चात्त्य प्रणालींत उद्भवतच नाही. त्यासाठी लागणारा खोल वाक बहुतेक कृत्रिम गुडघ्यांत मिळत नाही आणि शल्यविशारद तसे बसू नका असे सांगतात, त्यामुळे खालच्या पाटाऐवजी खुर्ची आणि कमोड यांची सवय लावणे हाही येथील पुनर्वसनाचा भाग ठरतो.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १,७०३ रुग्णांच्या पाहणीत १९ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचांपैकी एक रुग्ण, गुडघेरोपणाच्या परिणामाबद्दल समाधानी नसल्याचे २०१० साली नोंदले गेले. या असमाधानाची कारणे अनेक आहेत आणि सारी व्यायामाने सुटणारी नाहीत. पण ज्यांचे कारण अपुरा वाक किंवा अशक्त मांडी हे आहे, त्यांच्यासाठी पहिल्या तीन महिन्यांत कोणी तरी रोज मोजत असणे मोठ्या फरकाचे ठरू शकते.

म्हणून ज्यांच्या घरी गुडघेरोपण ठरले आहे, त्यांनी कोणतीही आभासी प्रणाली घेण्यापूर्वी आपल्या फिजिओथेरपिस्टला काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात: ती गुडघ्याचा कोन खरोखर मोजते का, चुकीची हालचाल ओळखते का, नोंदी कोण पाहणार आहे आणि किती दिवसांनी. यांची उत्तरे समाधानकारक नसतील तर टॉवेलची गुंडाळी, खुर्ची आणि भिंतीवर लावलेला व्यायामाचा तक्ता पुरेसा आहे. आणि पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून स्राव येऊ लागला किंवा एकाएकी धाप लागली, तर व्यायाम तेथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. धाप लागली असेल तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.